वाऱ्याची पेरणी

शेतकरी पेरणी करितो ती नक्षत्र पाहून, वाफसा पाहून आणि बियाणें निवडून. वाऱ्याच्या पेरणीस यांपैकीं कांहींच लागत नाहीं. तो मुहूर्त पाहत नाहीं, जमीन कोणाची हें विचारीत नाहीं, आणि आपण काय पेरीत आहों याची त्याला शुद्धही नसते. असें असूनही त्याच्यासारखा पेरणारा दुसरा नाहीं. चैत्र-वैशाखांत सावरीचीं बोंडें फुटून कापूस उडूं लागला, किंवा रुईचें फळ उकलून त्यांतले रेशमी पिसारे हवेंत तरंगूं लागले, म्हणजे घराघरांतील मुलें ‘म्हातारी, म्हातारी’ म्हणत त्यांच्यामागें धांवतात. वडील मंडळीही क्षणभर हातचें काम ठेवून तें कौतुक पाहतात. परंतु त्या पिसाऱ्याखालीं टांगलेल्या इवल्याशा बीकडे लक्ष देणारा विरळा. मुलांना जें खेळणें वाटतें, तें वस्तुतः एका झाडाचें स्थलांतर असतें.

रुई आणि सावर हीं आपल्याच मातींतलीं झाडें. त्यांच्या उडण्यानें कोणाचें शेत बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु परदेशांतून येऊन आपल्या माळांवर, रानांत आणि परसांत ठाण मांडून बसलेल्या तणांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा फैलाव पाहून लोक सहज म्हणतात, ‘वाऱ्यावर येतें, त्याला कोण काय करणार?’ या हताश उद्गाराचा विचार करावा म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: या तणांना समुद्र ओलांडून आणलें तें माणसानें, वाऱ्यानें त्यांना फक्त बांध ओलांडून दिला. आणि बांध ओलांडल्यावरही त्यांना मूळ धरावयास जागा दिली ती पुन्हां माणसानेंच. हें नीट ध्यानांत आलें म्हणजे उपाय कोठें करावयाचा हेंही समजतें.

उडण्याच्या तऱ्हा

झाडाला पाय नाहींत. परंतु त्याच्या संततीला घर सोडणें भाग असतें. मोठ्या झाडाच्या तळाशीं पडलेल्या बीला ना पुरेसें ऊन मिळत, ना पाण्याचा वांटा. म्हणून प्रत्येक वनस्पतीनें आपल्या बियांच्या प्रवासाची कांहींतरी सोय करून ठेविली आहे. वड-पिंपळांनीं पक्ष्यांना फळांची लांच दिली आहे. नारळानें लाटांवर तरंगणारें कवच केलें आहे. आघाड्यानें येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धोतराला नाहीं तर लुगड्याला चिकटून फुकटचा प्रवास साधिला आहे. पुष्कळांनीं मात्र आपली भिस्त वाऱ्यावर ठेविली आहे.

वाऱ्यावर उडण्याच्याही तऱ्हा आहेत. कांहीं बिया धुळीसारख्या बारीक असतात. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरीच्या बिया अशा आहेत. ज्वारीच्या मुळांतील रस शोषून जगणारा टारफुलाही याच वर्गांतला. कांहीं बियांना पंख असतात. वावळाचें चपटें वाटोळें फळ किंवा टेटूची कागदासारखी पातळ बी पाहण्यास रानांत जावें लागेल. पण शेवग्याची वाळलेली शेंग घरींच सोलून पाहिली तर तीन पांढऱ्या पंखांची बी मुलांना दाखवितां येईल. तिसरी तऱ्हा केसांच्या छत्रीची. सूर्यफुलाच्या कुळांतील अनेक वनस्पतींनीं ही युक्ति उचलली आहे, आणि आज आपणांस त्रास देणाऱ्या तणांपैकीं कांहीं प्रमुख तणें याच मोठ्या कुळांतलीं आहेत.

या छत्रीची करामत समजण्यास शास्त्रज्ञांनाही फार काळ लागला. युरोपांतील कुरणांवर डँडेलियन नांवाचें एक पिवळ्या फुलाचें झुडूप वाढतें. त्याच्या बीवर सुमारें शंभर तंतूंचा झुबका असतो. कापडाच्या छत्रीप्रमाणें हा झुबका हवा अडवून धरीत नाहीं. तंतूंच्या मधून बरीचशी हवा आरपार निघून जाते. मग बी तरंगते कशी? एडिंबरो येथील संशोधकांनीं २०१८ सालीं याचें उत्तर प्रसिद्ध केलें. तंतूंमधून जाणारी हवा आणि कडेनें वळसा घेणारी हवा यांच्या योगानें झुबक्याच्या किंचित् वर हवेचें एक भोंवऱ्यासारखें कडें तयार होतें, आणि तें बीच्या बरोबरच प्रवास करितें. त्या कड्यामुळें बीचें खालीं येणें फार मंदावतें. याच झुबक्याचा दुसरा गुण असा कीं, हवा दमट झाली म्हणजे तो मिटतो आणि कोरडी झाली म्हणजे उघडतो. पावसाळी कुंद दिवशीं जवळच पडून राहण्यापेक्षां कोरड्या वाऱ्याची वाट पाहणें त्याला साधतें.

बी जाते तरी किती दूर?

येथें थोडें साधें गणित करूं. समजा, एक बी शांत हवेंत सेकंदाला एक फूट या वेगानें खालीं येते, आणि ती सहा फूट उंचीच्या झुडपावरून सुटली. म्हणजे जमिनीस टेकण्यास तिला सहा सेकंद लागतील. वारा ताशीं दहा मैलांचा, म्हणजे सेकंदाला सुमारें पंधरा फुटांचा असला, तर तेवढ्या वेळांत ती नव्वद फूट जाईल. नव्वद फूट म्हणजे एक लहानसें शेत ओलांडण्याइतकेंच अंतर. बहुतेक बियांची मजल याहून फारशी मोठी नसते. कित्येक तर आईच्या पायाशींच पडतात.

परंतु हजारांत एखादी बी भाग्यवान निघते. दुपारच्या उन्हानें तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा लोट वर चढत असतो. घारी पंख न हालवितां उंच जातात त्या याच लोटांवर. त्यांत सांपडलेली बी खालीं येण्याऐवजीं वरच जाते, आणि मग तिचा मुक्काम कोठें पडेल हें सांगवत नाहीं. १८८३ सालीं जावा आणि सुमात्रा यांच्यामधील क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा भयंकर स्फोट होऊन बेटाचा जो भाग उरला तो राखेखालीं गाडला गेला. तीन वर्षांनीं, १८८६ सालीं, ट्रॉयब नांवाचे डच वनस्पतिशास्त्रज्ञ तेथें गेले, तेव्हां राखेवर नेच्यांच्या अनेक जाती उगवलेल्या त्यांस आढळल्या. सर्वांत जवळची मोठी भूमि सुमारें चाळीस किलोमीटर दूर. नेच्यांचें बीज धुळीइतकें सूक्ष्म असतें. तें वाऱ्यावरूनच आलें असलें पाहिजे, हें उघड आहे.

तणांच्या फैलावाची खुबी या दोन गोष्टींच्या मेळांत आहे. जवळ पडणाऱ्या हजारों बिया आपलें ठाणें दाट करितात, आणि दूर जाणारी एखादीच बी नवें ठाणें वसविते. वणव्याची ठिणगी जशी मूळ आगीपासून दूर जाऊन नवी आग लावते, तसाच हा प्रकार आहे.

तथापि निसर्गांत कोणतीही सोय फुकट मिळत नाहीं. उडावयाचें तर ओझें कमी पाहिजे, आणि ओझें कमी म्हणजे शिदोरी कमी. नारळाच्या कोंबाला आईनें कित्येक महिने पुरेल असें खोबरें बांधून दिलेलें असतें. वाऱ्यावरच्या पोराजवळ मात्र दोन-चार दिवसांचाच शिधा. तें दाट गवतांत पडलें तर ऊन न मिळून मरतें. त्याला हवी असते उघडी, खणलेली, ओसाड जमीन. घराचा पाया खणून वर्षानुवर्षें तसाच पडलेला भूखंड, रस्त्याच्या कडेचा भराव, लोहमार्गाचा उतार, चरून चरून टक्कल पडलेला माळ, वणव्यानें जळालेला डोंगर: हीं त्याचीं आवडतीं स्थळें. आणि हीं बहुतेक स्थळें आपणच तयार करून ठेवितों.

समुद्र कोणीं ओलांडिला?

वारा चाळीस किलोमीटरांची खाडी ओलांडील; पण अमेरिकेपासून कोंकणापर्यंतचें अंतर त्याच्या आवांक्यांतलें नव्हे. तेवढी मजल मारण्यास माणसाचें जहाज लागलें. या बाबतींत अमेरिकेलाही आपल्यासारखाच अनुभव आला आहे. रशियांतून गेलेल्या जवसाच्या बियाण्यांत एका कांटेरी तणाची बी मिसळलेली होती. १८७० नंतरच्या दशकांत ती दक्षिण डाकोटाच्या मळ्यांत पेरली गेली. हें तण वाळलें म्हणजे बुडाशीं मोडतें आणि चेंडूसारखें वाऱ्यावर गडगडत जातें. जातां जातां बिया सांडीत जातें. थोड्याच वर्षांत पश्चिम अमेरिकेच्या सपाट प्रदेशांत तें सर्वत्र गडगडूं लागलें. परंतु पहिली मूठ वाऱ्याची नव्हती. ती बियाणें नीट न निवडणाऱ्या माणसाची होती.

आपल्याकडील रानमोडीची कथा याहून वेगळी नाहीं. सिंधुदुर्ग-कोल्हापुराकडच्या वाचकांस ही वनस्पति सांगावयास नको. माणसाच्या डोक्याहून उंच जाणारें, चुरगळल्यास उग्र वासाचें हें झुडूप मूळचें उष्ण अमेरिकेंतलें. १८४० नंतरच्या दशकांत तें कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठीं आणलें गेलें. तेथून तें बाहेर पडलें, आसाम-ब्रह्मदेशाकडे पसरलें, आणि पुढें दक्षिण हिंदुस्थानांतही येऊन पोंहोंचलें. दुसऱ्या महायुद्धांत पूर्वेच्या आघाडीवरून परतणाऱ्या लोकांच्या सामानाबरोबर तें केरळांत आलें असें तिकडे सांगतात. पौषाच्या सुमारास त्याला फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, आणि माघ-फाल्गुनांत, हवा कोरडी व दुपार तापलेली असतां, त्याच्या काळ्या बारीक बिया पांढऱ्या केसांच्या झुबक्यावर उडतात. त्या बियांच्या कडांवर सूक्ष्म कुसळेंही असतात; म्हणून वारा पडला तर गुरांचे केस आणि माणसांचे कपडे त्यांना पुढें नेतात. ढोरें त्याला तोंड लावीत नाहींत. उन्हाळ्यांत तें वाळून सरपणासारखें पेटतें, वणव्याला बळ देतें, आणि लहान झाडें जळून गेल्यावर स्वतः मात्र बुंध्यापासून पुन्हां फुटतें. रान मोडणारी ती रानमोडी, हें नांव ज्यानें ठेविलें त्याची परीक्षा अचूक म्हटली पाहिजे.

दुसरें उदाहरण गाजर गवताचें. याला गवत म्हणत असले तरी तें गवत नव्हे. तेंही सूर्यफुलाच्याच कुळांतलें. पानें गाजराच्या पानांसारखीं, म्हणून गाजर गवत. फुलें पांढऱ्या टोपीसारखीं, म्हणून काँग्रेस गवत. आणि चांदण्यांसारखीं दिसतात म्हणून चटकचांदणी. गंमत अशी कीं, रानमोडीला केरळांत ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. दोन तणांनीं दोन पक्षांचीं नांवें घेतलीं. पण दोघांचेंही माहेर अमेरिका!

गाजर गवताची आपल्याकडील नोंद श्री. शेषगिरी राव यांनीं पुण्याहून केली. ती १९५६ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अमेरिकेंतून आलेल्या मिलो-गव्हाबरोबर, विशेषतः पी. एल. ४८० या कायद्याखालीं मिळालेल्या धान्यांतून, तें आलें अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु त्या कायद्याखालील आपला पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला. त्यामुळें निदान पहिलें बीज त्या करारानें आणलें असें म्हणणें कठीण आहे. १९५१ मध्यें अमेरिकेंतून कर्जाऊ धान्य आलें होतें, हेंही विसरतां येत नाहीं. इतकेंच काय, १८१४ सालच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादींत या वनस्पतीचें नांव असल्याचें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. कोणत्या पोत्यांतून आलें हा वाद राहो. माणसाच्या हातून आलें याविषयीं वाद नाहीं.

गाजर गवताच्या बीला रानमोडीसारखी छत्रीही नसते. तिच्या दोन्ही अंगांस सुकलेल्या वांझ फुलांचे दोन फुगीर तुकडे चिकटलेले असतात. तेवढ्या आधारानें ती वाऱ्यावर थोडी सरकते, वावटळींत थोडी उडते, आणि पाण्यावर चांगली तरंगते. एका रोपास पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊं शकतात, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांत तें फुलूं लागतें. तरीही केवळ वाऱ्याच्या बळावर तें सारा देश व्यापूं शकलें नसतें. मालमोटारींच्या चाकांचा चिखल, वाळूचे ढीग, वैरणीच्या पेंढ्या, न कुजलेलें शेणखत आणि पावसाळी ओढे हीं त्याचीं खरीं वाहनें. वाऱ्यानें शेजाऱ्याकडे पोंहोंचविलें. मोटारीनें परगांवीं नेलें.

याचा त्रास घरोघर जाणवण्याइतका झाला आहे. त्याच्या स्पर्शानें कांहीं लोकांची कातडी लाल होऊन चिघळते, परागांनीं शिंका व दमा उठतो, आणि गुरांच्या खाण्यांत तें आलें तर दुधाला कडवट चव येते. भाद्रपदांत गणपतीच्या पत्रीसाठीं व दूर्वांसाठीं मुलें माळावर जातात, तेव्हां पूर्वीं जेथें दूर्वा, माका आणि आघाडा हाताशीं मिळे, तेथें आतां कित्येक ठिकाणीं चटकचांदणीचेंच राज्य दिसतें. आम्हांस ही हानि पैशाच्या हानीहून लहान वाटत नाहीं.

परदेशी तेवढें वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या उपवासाच्या फराळांतील बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा करितात तो कंदही अमेरिकेंतूनच आला. कापलें-खरचटलें असतां खेड्यांत ज्या एकदांडीचा पाला चोळून लावितात, ती केसाळ बियांची वनस्पतिही तिकडचीच. फरक असा कीं, कांहीं पाहुणे आपल्या सीमेंत राहतात, आणि कांहीं घर बळकावतात. मायदेशांत ज्या किडी आणि रोग त्यांना आवरीत असत, ते मागेंच राहिलेले असतात. म्हणून मेक्सिकोंतून गाजर गवत खाणारा एक भुंगेरा मुद्दाम आणवून १९८४ सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो गाजर गवताचीं पानें फस्त करितो. परंतु कोरड्या दिवसांत तो जमिनींत दडून राहतो, आणि तण तेवढ्यांत पुन्हां डोकें वर काढतें. त्याचें साहाय्य घ्यावें. सर्व भार त्याच्यावर टाकूं नये.

आपल्या हातीं काय आहे?

वारा थांबविणें आपल्या हातीं नाहीं. पण त्याच्या ओटींत बी पडूं न देणें आपल्या हातीं आहे. पहिला नियम असा कीं, तण उपटावयाचें तें फूल पिकण्यापूर्वीं. जबलपूर येथील तणसंशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवताविषयीं जागृतीसाठीं पाळतें. त्या वेळीं जमीन ओली असते आणि रोप मुळासकट येतें. हातमोजे घालूनच उपटावें. ज्यांस दमा किंवा त्वचेचा विकार असेल त्यांनीं व मुलांनीं या कामापासून दूर राहावें. फूल न आलेलीं रोपें खतांत कुजविण्यास हरकत नाहीं. बी धरलेलीं मात्र खड्ड्यांत टाकूं नयेत, नाहीं तर तें खतच पुढील वर्षाचें बियाणें होईल. रानमोडी नुसती छाटून भागत नाहीं. पावसानंतर जमीन मऊ असतांना तिचा गड्डा खणून काढावा.

दुसरा नियम लोकांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. आपण दाट माजलेल्या ठिकाणीं प्रथम कोयता चालवितों आणि दूर उगवलेल्या एकट्या रोपाकडे दुर्लक्ष करितों. वर सांगितलेलें ठिणगीचें उदाहरण आठवावें. नव्या ठाण्याचें बीज त्या एकट्या रोपांतच असतें. तें प्रथम काढावें, मग दाटीकडे वळावें. तिसरा नियम जमीन उघडी न ठेवण्याचा. रिकाम्या जागेंत गवत वाढूं द्यावें. टाकळ्याची दाट उगवण झाली तर गाजर गवत तेथें फारसें माजत नाहीं.

चौथी गोष्ट शेजारधर्माची. एकानें शेत साफ ठेविलें आणि शेजाऱ्यानें ठेविलें नाहीं, तर पहिल्याचे श्रम नव्वद फुटांच्या वाऱ्यांत वाहून जातात. एकत्र कुटुंबांत एकाच्या आळसाचें ओझें सर्वांवर पडतें, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. तणांच्या बाबतींत सारा गांव, सारी आळी हें एकच कुटुंब होय.

हें काम होण्याजोगें आहे काय, असें कोणी विचारील. ज्या १९५६ सालीं पुण्याच्या गाजर गवताची नोंद प्रसिद्ध झाली, त्याच सालीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत मक्याच्या शेतांत टारफुल्याच्या कुळींतलें, आशिया-आफ्रिकेकडचें एक तण सांपडलें. पाहतां पाहतां तें चार लाखांहून अधिक एकरांत असल्याचें आढळलें. त्याची बी धुळीसारखी, आणि जमिनींत वर्षानुवर्षें टिकणारी. तिकडच्या सरकारनें दुसऱ्याच वर्षीं त्या भागांतून माती, चारा आणि शेतीचीं यंत्रें तपासल्याशिवाय बाहेर नेण्यास बंदी घातली. प्रत्येक शेत पुनःपुन्हां पाहिलें गेलें. जमिनींत एक वायु सोडून बिया अकालीं उगवाव्या व पोशिंदें झाड न मिळून मराव्या, अशीही योजना झाली. कित्येक दशकें हें काम न कंटाळतां चाललें, आणि आज आरंभीच्या क्षेत्राचा शंभरांतील एक-दोन हिस्सेही राहिलेला नाहीं.

त्याच वर्षीं दोन देशांच्या दारांत दोन पाहुणे आले. एकानें दार धरून ठेविलें. दुसऱ्यानें ‘वाऱ्यावर येतें’ म्हणून सोडून दिलें. आपल्याकडे आतां समूळ उच्चाटनाची वेळ निघून गेली असेल. पण आपलें अंगण, आपला बांध, आपल्या शाळेचें आवार आणि देवळामागचा माळ राखण्याची वेळ गेलेली नाहीं. येत्या श्रावणांत वाचकांनीं आपल्या घरच्या तरुण मंडळींस बरोबर घेऊन, शेजाऱ्यांस हांक मारून, फूल पिकण्यापूर्वीं एक सकाळ या कामास द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.